हिंदवी: हे नाव कुठले, कुणाचे?

प्रश्न: आम्ही मूळचे सातारा जिल्ह्यातले. नवऱ्याच्या नोकरीमुळे कुवेतमध्ये अर्दियाला राहतो. मुलीचं नाव आम्ही हौसेनं ‘हिंदवी’ ठेवलं. खालच्या मजल्यावर घरमालकांच्या आजी राहतात. त्या तिला ‘हिंद’ अशी हाक मारतात आणि म्हणतात, हे तर आमचंच नाव, जुनं आणि खानदानी. दवाखान्यात किंवा एखाद्या कचेरीत मात्र ‘हे आडनाव झालं, मुलीचं नाव सांगा’ असं ऐकावं लागतं. गावाकडे सासूबाईंचं म्हणणं असं, की हिंदवी हे राज्याचं नाव, भाषेचं नाव. मुलीला असं नाव कुणी ठेवतं का? एका नातलगांनी तर शब्द फारसी आहे म्हणून नाक मुरडलं. हे नाव नेमकं आलं कुठून, त्याचा अर्थ काय, अरबी ‘हिंद’शी त्याचं काही नातं आहे का आणि ते कितपत प्रचारात आहे, हे सविस्तर सांगाल का?
(एक वाचक, अर्दिया, कुवेत)

उत्तर: थोडक्यात सांगायचे तर हिंदवी म्हणजे हिंद देशाची. या शब्दाचे मूळ सिंधू नदीत आहे, त्याची घडण इराणात झाली आणि त्याला खरा मान मिळाला तो महाराष्ट्रात. अरब मुलींचे ‘हिंद’ हे नाव कानाला जवळचे वाटले तरी त्याची कूळकथा वेगळी आहे. आणि सासूबाईंच्या शंकेचे उत्तर आपल्या रामायण-महाभारतातच आहे. आता एकेक मुद्दा घेऊ.

शब्द आला कुठून?

ऋग्वेदात ‘सप्त सिंधू’ येतात. इराणच्या अवेस्तात त्याच प्रदेशाला ‘हप्त हिंदू’ म्हटले आहे. संस्कृतातला ‘स’ जुन्या इराणी भाषांत बऱ्याच ठिकाणी ‘ह’ होतो. सप्तचा हप्त, सोमाचा हओम, असुराचा अहुर, तसाच सिंधूचा हिंदू. इसवी सनापूर्वी ५२२ ते ४८६ या काळात इराणवर राज्य करणाऱ्या पहिल्या डरायसने आपल्या ताब्यातल्या प्रांतांच्या याद्या दगडावर कोरून ठेवल्या. त्यांत ‘हिंदुश’ हा प्रांत आहे, म्हणजे सिंधूकाठचा मुलूख. ग्रीकांनी त्यातला ‘ह’ गाळून ‘इंडोस’ केले आणि युरोपात त्याचे ‘इंडिया’ झाले. अरबांनी ‘ह’ राखला आणि साऱ्या देशालाच ‘हिंद’ म्हटले.

पुढे फारसीत ‘हिंदू’ म्हणजे हिंद देशाचा रहिवासी, आणि त्याला ‘ई’ हा प्रत्यय लागून ‘हिंदुवी’ किंवा ‘हिंदवी’ म्हणजे हिंदचे, हिंदकडचे. मध्ययुगात हा शब्द मुख्यतः भाषेसाठी चालत असे. अमीर खुसरो (१२५३–१३२५) उत्तरेकडच्या लोकभाषेला हिंदवी म्हणतो. दख्खनमधले कवीही आपल्या भाषेला कधी हिंदवी, कधी हिंदी, तर कधी दखनी म्हणत. सासूबाई म्हणतात ते अशा रीतीने खरेच आहे. हे आधी भाषेचे नाव होते.

मराठी मनात मात्र हा शब्द रुजला तो ‘हिंदवी स्वराज्य’ या जोडशब्दामुळे. शिवाजी महाराजांनी १६४५ मध्ये रोहिडखोऱ्याच्या दादाजी नरसप्रभू देशपांडे यांना लिहिले म्हणून जे पत्र प्रसिद्ध आहे, त्यात हा प्रयोग येतो. त्या पत्राच्या अस्सलपणाविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. पण पत्राचा वाद काहीही असो, विसाव्या शतकापासून शाळेतल्या धड्यांतून, व्याख्यानांतून, पोवाड्यांतून आणि नाटक-सिनेमांतून हा शब्द घरोघरी पोहोचला आहे. तिथे त्याचा अर्थ ‘या मातीतल्या माणसांचे, आपले’ असा होतो. तुम्ही सातारा जिल्ह्यातले, म्हणजे छत्रपतींच्या गादीच्या मुलखातले. तुम्हाला हे नाव सुचावे यात नवल नाही.

फारसी म्हणून त्याज्य?

नातलगांना दोन गोष्टी सांगता येतील. एक म्हणजे, महाराजांच्या वडिलांचे नाव शहाजी आणि चुलत्यांचे शरीफजी. अहमदनगरच्या शाह शरीफ या पिराच्या नावावरून महाराजांचे आजोबा मालोजीराजे यांनी ही नावे ठेवली, अशी परंपरेने चालत आलेली कथा आहे. दर्याबाई आणि गुलाबबाई ही नावे मराठी घरांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. दर्या आणि गुलाब हे दोन्ही शब्द फारसी आहेत, म्हणून त्या बायका कुणाला परक्या वाटल्या नाहीत. राज्याभिषेकानंतर महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला आणि दरबारातल्या फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. तो राज्यकारभाराच्या भाषेचा विचार होता. घरातल्या नावांवर त्याने बंदी आली नाही.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. संस्कृतात उकारान्त शब्दावरून नाव घडवायची एक ठरलेली रीत आहे. भृगूवरून भार्गव आणि भार्गवी, विष्णूवरून वैष्णव आणि वैष्णवी, मनूवरून मानव आणि मानवी. याच रीतीने सिंधूवरून सैंधव आणि सैंधवी होते. सैंधवी हेही मुलीचे सुंदर आणि विरळा नाव आहे, आणि त्या नावाचा एक रागही आहे. म्हणजे सैंधवी आणि हिंदवी या एकाच नदीच्या दोन लेकी. एक संस्कृतात वाढली, दुसरी इराणमार्गे परत आली. हिंदवीचे मूळ आपल्याच नदीत आहे. त्याला परके म्हणायचे, तर ‘हिंदू’ या शब्दालाही परके म्हणावे लागेल.

मुलीला असे नाव शोभते का?

मराठीत हिंदवी हे विशेषण तिन्ही लिंगांत सारखेच राहते. हिंदवी राज्य, हिंदवी भाषा, हिंदवी माणूस. त्यामुळे व्याकरण आड येत नाही. माधवी, जान्हवी, वैष्णवी, शांभवी, भार्गवी या ओळखीच्या नावांच्या पंगतीत ते कानाला सहज बसते, आणि मुलीचे नाव म्हणून ते स्वीकारले जाण्याचे मोठे कारण हेच असावे.

पण त्याहून मोठा आधार आपल्या परंपरेत आहे. देशावरून स्त्रीला नाव देण्याची पद्धत इथे फार जुनी आहे. मिथिलेची ती मैथिली, विदेहाची वैदेही. विदर्भाची ती वैदर्भी, आणि हे नाव दमयंतीलाही आहे, रुक्मिणीलाही आहे. गांधाराची गांधारी, मद्र देशाची माद्री, केकयांची कैकेयी, कोसलाची कौसल्या, पांचालांची पांचाली. शिवाय मैथिली हे आज भाषेचेही नाव आहे, आणि संविधानाच्या आठव्या अनुसूचीत मान्यता मिळालेली ती भाषा आहे. मैथिली नावाच्या मुली महाराष्ट्रात गावोगावी भेटतात आणि त्यांना भाषेचे नाव कसे ठेवले, असे कुणी विचारत नाही. सासूबाईंना एवढे एक उदाहरण पुरेल.

या नावांकडे नीट पाहिले तर आणखी एक गोष्ट ध्यानात येते. यांतल्या बहुतेकजणी माहेरच्या देशाच्या नावाने ओळखल्या गेल्या त्या माहेर सोडून दूर गेल्यावर. मिथिलेत सगळ्याच मैथिली. ते नाव ओळख म्हणून उपयोगी पडते ते अयोध्येत. गांधारी हे नाव शोभते ते हस्तिनापुरात. साताऱ्यात राहून हिंदवी असणे आणि अर्दियात राहून हिंदवी असणे यांत हा फरक आहे. फरवानिया प्रांतातल्या तुमच्या वस्तीत, एका बाजूला गॅरेजांचा औद्योगिक भाग आणि दुसऱ्या बाजूला जाबेर अल-अहमद स्टेडियम, अशा ठिकाणी इजिप्त, सीरिया, फिलिपिन्स, बांगलादेश अशा अनेक देशांची माणसे शेजारी राहतात. तिथे वाढणाऱ्या मुलीचे नावच तिचा देश सांगते. वैदर्भी, मैथिली यांच्या परंपरेतले नाव तुम्ही अगदी योग्य जागी वापरले आहे.

आजींची ‘हिंद’ ती हीच का?

आजी म्हणतात ते खोटे नाही. हिंद हे अरबांचे अस्सल जुने स्त्रीनाम आहे, इस्लामच्याही आधीचे. सहाव्या शतकात आजच्या इराकमधल्या नजफजवळ हीरा नावाची अरब राजधानी होती. तिथल्या एका राजाची आई हिंद ही किंदा घराण्यातली राजकन्या. ती ख्रिस्ती होती आणि तिने तिथे मठ बांधला. तिचा मुलगा इतिहासात अम्र इब्न हिंद, म्हणजे ‘हिंदचा मुलगा अम्र’ याच नावाने ओळखला जातो. राजाने आईच्या नावाने ओळखले जाणे आपल्याला नवे नाही. गौतमीपुत्र सातकर्णी आणि वासिष्ठीपुत्र पुळुमावी हे सातवाहन राजे महाराष्ट्रातलेच. प्रेषित मुहंमद यांच्या पत्नी उम्म सलमा यांचे स्वतःचे नाव हिंद होते. दमास्कसहून राज्य करणाऱ्या उमय्यद घराण्याचा संस्थापक मुआविया याच्या आईचे नावही हिंदच. गंमत म्हणजे त्या काळी हे नाव पुरुषांनाही चाले. प्रेषितांच्या पहिल्या पत्नी खदीजा यांना आधीच्या विवाहापासून झालेल्या एका मुलाचे नाव हिंद होते. मक्केचा प्रेमकवी उमर इब्न अबी रबीआ याने आपल्या कवितेत हिंद नावाच्या स्त्रीला अमर केले.

हे नाव पुढेही चालत राहिले. अलेक्झांड्रियात १८९२ मध्ये ‘अल-फतात’ हे अरबीतले पहिले स्त्रियांचे नियतकालिक काढणाऱ्या संपादिकेचे नाव हिंद नौफल; त्या ख्रिस्ती होत्या. जेरुसलेममध्ये १९४८ च्या युद्धात अनाथ झालेल्या मुलांना आसरा देऊन ‘दार अल-तिफ्ल’ ही संस्था उभारणाऱ्या समाजसेविका म्हणजे हिंद अल-हुसैनी. ट्युनिशियाची अभिनेत्री हिंद साब्री आज अरब जगात सर्वांना ठाऊक आहे. अरबी व्याकरणात तर या नावाला कायमची जागा आहे. आपल्या व्याकरणाच्या पुस्तकात ‘राम आंबा खातो’ म्हणून राम येतो, तशी अरबी व्याकरणात झैदच्या जोडीला हिंद येते. त्यामुळे अरबी शिकणाऱ्या प्रत्येकाला हे नाव पाठ असते.

मग याचा अर्थ भारत असा आहे का? अरबी कोशकार या स्त्रीनामाचा अर्थ भारताकडे न नेता उंटांकडे नेतात. हिंद आणि त्याचे लघुरूप हुनैदा म्हणजे शंभर-दोनशे उंटांचा कळप. वाळवंटात तीच संपत्ती होती. आपल्याकडे गोमती, म्हणजे गाईंनी संपन्न, हे नाव ज्या भावनेने आले, त्याच भावनेतले हे. तेराव्या शतकातल्या ‘लिसान अल-अरब’ या प्रचंड कोशात याच अक्षरांचे एक क्रियापदही दिले आहे, आणि लाघवाने कुणाला प्रेमात पाडणे हा त्याचा अर्थ. देशाच्या नावाआधीचे ‘अल’ सोडले तर देशाचे नाव आणि स्त्रीचे नाव अरबीत लिहायचे ते एकाच तीन अक्षरांनी, म्हणून गोंधळ होतो. अलीकडचे उदाहरण सांगतो. जानेवारी २०२३ मध्ये दुबईच्या शासकांनी अल मिन्हाद या भागाचे नाव ‘हिंद सिटी’ केले. भारतात लगेच समाजमाध्यमांवर आनंद झाला की दुबईने आपल्या देशाचे नाव दिले. प्रत्यक्षात ते जुने अरबी नाव होते, आणि दुबईच्या शासकांच्या पत्नीचे नावही शेखा हिंद आहे.

तरीही आजींच्या तोंडच्या हिंदमध्ये आपला देश अजिबात नाही, असेही म्हणता येणार नाही. अरबांना हिंद देशाच्या वस्तूंचे फार जुने कौतुक. तिथे मुलांना ठेवतात ते ‘मुहन्नद’ हे नाव म्हणजे हिंदी पोलादाची तलवार. तुमच्या जवळच्या जमियात, म्हणजे सहकारी दुकानात, चिंच ‘तमर हिंदी’, म्हणजे हिंदी खजूर, या नावाने मिळते, आणि नारळाला ‘जौझ अल-हिंद’ म्हणतात. कुवेती दिनाराच्या नोटेवरच्या अरबी बाजूचे अंकही अरबांच्या लेखी ‘हिंदी अंक’च आहेत. कुवेतचा आणि मुंबईचा संबंध तर आजींच्या पिढीने डोळ्यांनी पाहिलेला आहे. कुवेतची गलबते मलबारच्या सागवानातून बांधली जात. ती बसऱ्याचा खजूर घेऊन आपल्या किनाऱ्याला येत आणि तांदूळ, मसाले, लाकूड घेऊन परत जात. कुवेती मोती मुंबईच्या बाजारात विकले जात. १९११ मध्ये कुवेतची पहिली आधुनिक शाळा, मुबारकिया, सुरू झाली तेव्हा मुंबईत मोत्यांचा व्यापार करणाऱ्या अल-इब्राहिम घराण्याने तिला मोठी देणगी दिली. कुवेतमध्ये १९६१ पर्यंत रुपया चलनात होता; १९५९ पासून त्यासाठी रिझर्व्ह बँकेने आखातापुरता वेगळा रुपया काढला होता. कुवेती बोलीत पंख्याला ‘बंका’ आणि आंब्याला ‘अंबा’ म्हणतात. ज्या बोलीत आपला आंबा मुरला आहे, ती बोलणाऱ्या आजींना हिंदवी हे नाव ओळखीचे वाटावे, हे साहजिक आहे. त्यांची हाक प्रेमाची आहे. मुलीला ‘हिंद’ म्हटल्याने काही बिघडत नाही. त्या नावामागे राण्या, कवी आणि संपादिका उभ्या आहेत.

नाव कितपत प्रचारात आहे?

हिंदवी हे नाव अजून विरळा आहे, आणि ते जुनेही नाही. शिवाजी महाराजांच्या कन्यांची नावे पाहा: सखुबाई, राणूबाई, अंबिकाबाई, दीपाबाई, राजकुंवरबाई, कमळाबाई. राण्यांची नावे सईबाई, सोयराबाई, पुतळाबाई, सगुणाबाई, सकवारबाई, काशीबाई, लक्ष्मीबाई, गुणवंताबाई. त्या काळी मुलींची नावे देवी, फुले, गुण आणि कौतुक यांवरून पडत. राज्यकल्पनेवरून मुलीचे नाव ठेवणे ही अगदी आपल्या काळातली गोष्ट आहे.

मराठी नावांची लाट दर पिढीला बदलते. एका पिढीत गोदावरी, यमुना, कृष्णा होत्या. पुढे कुसुम, मालती, सुमन आल्या. मग संध्या, उषा, ज्योती. मग अश्विनी, स्वाती, रोहिणी. एकविसाव्या शतकात इतिहासाची लाट आली. झी मराठीवर ‘स्वराज्यरक्षक संभाजी’ (२०१७–२०२०) आणि सोनी मराठीवर ‘स्वराज्यजननी जिजामाता’ (२०१९–२०२१) या मालिका, ‘फर्जंद’, ‘फत्तेशिकस्त’, ‘पावनखिंड’ हे चित्रपट, आणि २०२४ मध्ये शिवराज्याभिषेकाला पूर्ण झालेली ३५० वर्षे या वातावरणात सई हे नाव पुन्हा तरुण झाले आणि शिवन्या, शिवानी, स्वराज्ञी यांच्याबरोबर हिंदवीही बारशाच्या यादीत आली. इंग्लंड किंवा अमेरिकेसारखी नावांची वार्षिक क्रमवारी भारतात सरकार प्रसिद्ध करत नाही, त्यामुळे हे नाव कितव्या क्रमांकावर आहे हे आकड्यात मांडता येत नाही. पण वर्गात दोन आर्या आणि तीन अनन्या असतात, तशा तीन हिंदवी अजून सापडत नाहीत. नक्षत्रावरून नाव ठेवणाऱ्यांसाठी एवढे सांगतो, की ‘ही’ हे पुनर्वसूच्या चौथ्या चरणाचे अक्षर आहे आणि त्याची रास कर्क.

कचेरीत आडनाव का समजतात?

यालाही कारण आहे. अरबीत ‘-अवी’ किंवा ‘-आवी’ लागून होणारी नावे बहुधा गाव, घराणे किंवा कूळ सांगतात, आणि ती पुंलिंगी असतात. हिंदावी हे अरब जगातले प्रचलित आडनाव आहे. कैरोत स्थापन झालेली हिंदावी ही प्रकाशनसंस्था तर प्रसिद्धच. त्यात अरबी लिपीत ऱ्हस्व स्वर लिहिले जात नाहीत आणि ‘व’साठी वाव हे अक्षर येते. तुमच्या मुलीचे नाव हा, नून, दाल, वाव, या अशा पाच अक्षरांत लिहिले जाईल, आणि वाचणारा त्याचे हिंदवी, हिंदुवी, हिंदावी असे काहीही वाचू शकेल.

म्हणून तीन गोष्टी जपा. पहिली, जन्मदाखल्यावरची आणि सिव्हिल आयडीवरची अरबी अक्षरे कुणाकडून तरी वाचवून घ्या. दालनंतर अलिफ घातला गेला तर नाव आडनाव होऊन बसते. दुसरी, रोमन लिपीत ‘व’साठी कोणते अक्षर वापरायचे ते एकदाच ठरवा. अरबीवरून परत रोमन लिपी करताना ते बदलण्याचा संभव असतो. पासपोर्ट, सिव्हिल आयडी आणि शाळेचा दाखला या तिन्ही ठिकाणी एकच स्पेलिंग हवे. तिसरी गोष्ट नव्याने आई-बाबा होणाऱ्या सर्व कुवेतकर मराठी वाचकांसाठी: परदेशात जन्मलेल्या मुलाला वंशाने भारतीय नागरिकत्व मिळण्यासाठी जन्माची नोंद भारतीय दूतावासात एका वर्षाच्या आत करावी लागते. बारशाची घाई नसली तरी चालेल, पण या नोंदीची हयगय करू नका, आणि नोंदीआधी नावाची अक्षरे पक्की करा.

तेव्हा नाव बदलण्याचा विचारही मनात आणू नका. कुणी अर्थ विचारला तर मुलीला एवढेच शिकवा: हिंदवी म्हणजे हिंदची, सिंधूच्या देशाची. आजींनी ‘हिंद’ म्हटले तर तिने ‘ओ’ द्यावी, आणि पुढे पूर्ण नाव सांगावे.

इतर वाचकांनाही एक विनंती. तुमच्या घरात किंवा गावात असे एखादे विरळा नाव असेल, तर ते कुणी ठेवले, का ठेवले आणि कोणत्या साली ठेवले, एवढे नक्की लिहून कळवा. आजी-पणजींच्या नावांच्या या कथा त्यांच्या पिढीबरोबर संपतात. लिहून ठेवल्या तरच त्या राहतील.